सावळीराम दलालाची कवळी

सावळीराम वडजे माणसाचं तोंड आधी बघायचा आणि नावगाव मागून विचारायचा. ही खोड त्याला धंद्याने लावली होती. उभा जन्म त्याने बैलांची दलाली केली. दिंडोरी, वणी, घोटी, पार नामपूरपर्यंतचे बाजार तुडवले. बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने दाबायचा, दात बघायचे आणि "चार दाती", "सहा दाती", सगळे दात आलेला असला तर "जुळला", असा वयाचा निकाल देऊन मोकळं व्हायचं. ज्याचे दात झिजलेत, चारा नुसता तोंडात घोळतोय, अशा जनावराकडे तो दुसऱ्यांदा बघतही नसे. "हा गेला," एवढंच म्हणून पुढच्या दावणीला जायचा. मागे मालक गयावया करत राहायचा, की दलाल, अजून दोन सालं नांगर ओढील हो. सावळीरामला असल्या माणसांचा तिटकारा होता. तसा त्याला बऱ्याच माणसांचा तिटकारा होता.

मग गावोगाव ट्रॅक्टर आले, बैलांना कुणी विचारीना, आणि बैलांच्या पाठोपाठ दलालांनाही कुणी विचारीना. बायको वारली. मुलगा दिनेश सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, तो बापाला नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटवर घेऊन आला. इंदिरानगरातली माणसं सावळीरामच्या लेखी माणसंच नव्हती. सकाळी पांढरे बूट घालून बागेत गोल गोल चालायची आणि कुठेच पोचायची नाहीत. एवढं चालायचं तर निदान दिंडोरीला तरी जाऊन यावं, असं तो गॅलरीतून बघत म्हणायचा. ते ऐकायला तिथे त्याची सून सविताच असायची.

सत्तरी ओलांडली तेव्हा त्याच्या तोंडात औषधालाही दात उरला नव्हता. सविताने फार चर्चा न करता मिक्सर काढला. भाजी मिक्सरमधून, डाळ मिक्सरमधून, भाकरीसुद्धा दुधात भिजवून मिक्सरमधून. दुपारी एकच्या सुमाराला तो घर्रर्र आवाज झाला की शेजारच्यांनाही कळायचं, वडज्यांचे आजोबा जेवायला बसले. सावळीराम तो लगदा बोटाने जिभेवर ठेवायचा, गिळायचा आणि त्याला दावणीतलं एखादं म्हातारं जनावर आठवायचं. रागापेक्षा भीतीच जास्त वाटायची. जे चावत नाही त्याचं काय करायचं असतं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने हजार वेळा सांगितलं होतं. त्याला बाजरीची भाकर चावून खायची होती. सून, मुलगा, घर, शहर, सगळं त्याला चाललं असतं, पण भाकर चावून खायची होती.

म्हणून दिनेशने कवळीचा विषय काढला तेव्हा त्याने नाक मुरडलं खरं, पण दुसऱ्या दिवशी धोतर बदलून तोच आधी दाराशी उभा राहिला.

डॉक्टर ज्योत्स्नाबाईंचा दवाखाना जवळच, एका बँकेच्या वर होता. बाई तिशीतल्या, हुशार, आणि त्या हुशारीची त्यांना पूर्ण कल्पना होती. भिंतीवर दात विचकून हसणाऱ्या एका बाईचं चित्र लावलेलं. सावळीरामने त्या चित्राकडे बघितलं आणि मनात म्हणाला, उगाच हसतेय, हिच्यात काहीतरी खोट असणार. बाईंनी त्याला खुर्चीत आडवा केला, हिरड्यांची मापं घेतली, मेणाच्या पट्ट्या चाववल्या. त्या बोलत होत्या मात्र सगळ्या दिनेशशी. आजोबांना त्रास आहे का, आजोबा पान खातात का, आजोबांना नीट ऐकू येतं का. आजोबा तोंड उघडून मध्ये पडलेला. बाजारात असंच चालतं हे त्याला ठाऊक होतं. गिऱ्हाईक बोलतं ते मालकाशी, बैलाशी नाही. फक्त यावेळी तो चुकीच्या जागी होता.

कवळी तयार झाली तेव्हा बाईंनी पुन्हा दिनेशलाच पाठ पढवला.

"सुरुवातीला मऊ खायला द्या. लहान घास, दोन्ही बाजूंनी चावायला सांगा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. थोडं टोचेल, सगळ्यांना टोचतं. टोचलं की घेऊन या, तेवढी जागा घासून देऊ. पण येताना आदल्या दिवसापासून कवळी घातलेली असू द्या. म्हणजे कुठे लागतंय ते हिरडीवर दिसतं."

"हो हो," दिनेश म्हणाला. तो घड्याळ बघत होता.

सावळीरामला ऐकू व्यवस्थित यायचं. त्याने शब्दन् शब्द ऐकला, आणि खोट कशी शोधणार हे ही आधीच सांगून बसली म्हणून त्याला बाईची कीव आली.

कवळी टोचली. खाली, डावीकडे, जिभेच्या अंगाला. पहिले दोन दिवस नुसती चुरचुर, तिसऱ्या दिवशी भाकरीचा घास चावला तर डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सविताने विचारलं, "नाना, दुखतंय का?"

"नाय," सावळीराम म्हणाला.

ती रोज विचारायची आणि तो रोज नाय म्हणायचा. हे असं का, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं, कारण त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मालाची खोट मालकाने आपल्या तोंडाने सांगायची नसते. गिऱ्हाईकाने शोधावी. सापडली तर त्याचं नशीब, नाही सापडली तर आपलं. याच नियमावर त्याचं घर चाललं, दिनेश शिकला, आणि हा नियम आपल्या हिरडीलाही लागू करणारा महाभाग अख्ख्या नाशिक जिल्ह्यात तो एकटाच असेल.

तरी तो चावायचं टाळतोय हे सविताने बघितलं आणि दिनेशने डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आता लंगडा बैल बाजारात न्यायचा असेल तर काय करायचं, हे सावळीरामला झोपेतून उठवून विचारा. आधी बैलाला कामाला लावायचं नाही. खुराला गरम तेल चोळायचं, मऊ जागी बांधायचं, आणि बाजाराच्या दिवशी तो ताजातवाना उभा राहिला की चालवून दाखवायच्या आत सौदा उरकायचा. सावळीरामने कवळी काढली आणि स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवून दिली. दोन दिवस तुरटीच्या पाण्याने चुळा भरल्या. लगदा मुकाट गिळला. तिसऱ्या दिवशी हिरडी गुलाबी, गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. दिनेश पुढे गेला तसा दवाखान्याच्या जिन्यात त्याने कवळी तोंडात बसवली आणि छाती काढून वर गेला.

बाईंनी दिवा तोंडावर घेतला, बोट फिरवलं. "काही दिसत नाहीये. आजोबा, कुठे टोचतं का?"

"नाय."

"चावता येतं?"

"येतं की."

बाईंनी दातांमध्ये निळा कागद धरला, टकटक चावायला लावलं, दाढांवर निळे ठिपके उठले ते थोडे घासले. "छान बसलीय," दिनेशला म्हणाल्या.

सावळीराम जिना उतरला तो घोड्यावर बसल्यासारखा. एवढी शिकलेली बाई, एवढा मोठा दिवा, आणि हिला डोळ्यासमोरची खोट दिसली नाही. घोटीच्या बाजारात हिच्या गळ्यात कुणीही आंधळा खोंड मारला असता. रस्ताभर तो गालात हसत होता. संध्याकाळी भाकरीचा पहिला घास चावला आणि कळ मस्तकात गेली. त्याने कवळी काढली, रुमालात गुंडाळली, बंडीच्या खिशात टाकली. सविताने मिक्सरचं बटण दाबलं.

असा हा शहाणा. एकदा फसवून भागलं नाही म्हणून आणखी एकदा तेच केलं. तीच वाटी, तीच तुरटी, तोच जिना. दुसऱ्या वेळी मात्र बाईंचाही तोल गेला. त्यांनी सावळीरामला बाहेर बसवलं आणि दिनेशला आत म्हणाल्या, दार उघडं होतं तरी म्हणाल्या, "कवळीत काही दोष नाही. काही पेशंटना सवय करून घ्यायचीच नसते. खेड्यातली माणसं असतात, हट्टी असतात. तुम्ही फार मनावर घेऊ नका."

बाहेर बसलेल्या खेड्यातल्या माणसाने ते ऐकलं. घरी आल्यावर दिनेश बायकोला म्हणाला, "नानांना सगळ्यांनी मागे मागे करायला हवंय, दुसरं काय." बोलताना त्याने दार लावायची तसदी घेतली नव्हती. एक मूर्ख पोरगी आणि एक तिच्याहून मूर्ख पोरगा, असं म्हणून सावळीरामने मनातून दोघांचाही निकाल लावला. पण पोट रिकामंच होतं. पाऊस सरला, थंडी आली, बाजारात हुरडा आला आणि गेला. तो जिना चढायचं नाव काढीना. कवळी खिशातच होती.

थंडीत गावी पुतण्याकडे नवसाचा बोकड होता. पुतण्या वाल्मीकने मुद्दाम येऊन सांगितलं, "नाना, जुनी समदी माणसं येणार हेत. देवरामतात्याबी हे." देवराम म्हणजे दुसरा दलाल. दोघांनी कधी जोडीने धंदा केला, कधी एकमेकांचे सौदे मोडले, आणि दोघांचं एकमेकांविषयीचं मत सारखंच वाईट होतं. सावळीरामने खिशातली कवळी काढली, धुतली, आरशात बघितलं. देवरामच्या तोंडात गेली आठ-दहा वर्षं दात नव्हता आणि त्याच्या पोरांनी त्याला कवळी केली नव्हती.

पंगत शेताच्या बांधावर, बाभळींच्या सावलीत बसली. पत्रावळीवर बाजरीच्या भाकरी, वाटीत तर्रीचा रस्सा, वर मटणाचे तुकडे. माणसांनी सावळीरामचं तोंड बघितलं आणि वाहवा केली. "दलाल, दात झकास बसले."

"शहरातले हेत," सावळीराम म्हणाला.

देवराम समोरच बसला होता. त्याने भाकर बचाबचा रश्श्यात कुस्करली, मटणाचा मऊ मऊ भाग बोटांनी चुरला आणि काल्यासारखा ओरपायला लागला. रस्सा हनुवटीवरून गळत होता. सावळीरामला शिसारी आली. हा माणूस आधीपासूनच गबाळा. त्याने स्वतः भाकरीचा तुकडा मोडला, त्यात मटण धरलं, आणि सगळ्यांच्या देखत चावला.

पहिला घास गेला. दुसऱ्याला चुरचुर सुरू झाली. तिसऱ्याला खालची कड हिरडीत रुतली आणि कानापर्यंत कळ आली. त्याने तोंड तसंच हलवत ठेवलं. घास गालात सारला, पाण्याबरोबर अख्खा गिळला. पुढचा तुकडा कुणाचं लक्ष नाही बघून भाकरीखाली लपवला. मग आणखी एक लपवला. कपाळावर घाम आला होता, आणि तो तर्रीचा आहे असं समजायला सगळे तयार होते.

देवराम तेवढा तयार नव्हता. त्याने जेवण थांबवलं आणि सावळीरामच्या जबड्याकडे बघायला लागला. उभ्या जन्मात दोघांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"डावीकडं दुखतंय तुला," तो म्हणाला.

"गप जेव."

"खाली. जिभेच्या अंगाला. जबडा उजवीकडं वढतोय तू."

आजूबाजूचे हात थांबले. सावळीरामने पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"डाक्टरला दावलं का?" देवरामने विचारलं.

"दावलं. दोनदा."

"मंग त्याला दिसलं नाय?"

"बाई हे ती. पोरगी हे. तिला काय कळतंय?"

देवरामच्या बोळक्या तोंडातून हसू यायला लागलं. आधी हळू, मग खांदे हलायला लागले. वणीच्या बाजारात दोघांनी मिळून एक लंगडा बैल एका माळकऱ्याच्या गळ्यात मारला होता, आणि त्याआधी आठवडाभर त्याचा खूर देवरामनेच शेकला होता.

"काढून ठिवली व्हती ना?" तो म्हणाला. "आराम देऊन न्हेलं तोंड. आरं सावळ्या, इकायला काढलं व्हतं का तू सोताला? गिऱ्हाईक व्हती का ती?"

पंगतीत हशा फुटला. पोरंटोरं हसली, वाढणारे हसले, वाल्मीक तोंडाला उपरणं लावून हसला. सावळीरामला वाटलं, उठावं आणि देवरामच्या त्या रिकाम्या तोंडात एक ठेवून द्यावी. पण तो उठला नाही. देवराम बोलला ते सोळा आणे खरं होतं. इतक्या वर्षांत त्याचा डाव भर बाजारात कधी कुणी उघडा पाडला नव्हता, आणि पाडला तो या गबाळ्याने. शिवाय या डावात फसलं कोण, तर बाई नाही, दिनेश नाही. तो स्वतः. इतके महिने मिक्सरचा लगदा त्याने गिळला होता, बाईंनी नाही. त्याला लाज वाटली. आयुष्यात फारशी कधी वाटली नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हे त्याला कळेना.

त्याने कवळी काढली नाही. जीपमध्ये काढली नाही, घरी काढली नाही. निव्वळ रागाने तोंडात ठेवली. दुसऱ्या दिवशी तीच घालून पोळीचा तुकडा चावला, तेव्हा सविता म्हणाली, "नाना, दुखतंय का?" तो काही बोलला नाही. नायही म्हणाला नाही. सविताने ते बरोबर हेरलं आणि संध्याकाळची वेळ घेतली. दिनेश पाळीवर होता, म्हणून तीच बरोबर गेली.

ज्योत्स्नाबाईंनी त्याला बघून एक उसासा सोडला. लपवण्याची तसदीही घेतली नाही. "आता काय म्हणतायत आजोबा?" त्यांनी सविताला विचारलं.

"मला इचारा," सावळीराम खुर्चीतून म्हणाला. "तोंड माझं हे."

बाई वळल्या. "बरं. काय होतंय?"

आणि इथे सावळीराम अडला. तीनच अक्षरं पुढे यायची होती, पण ती येईनात. समोर गिऱ्हाईक उभं, आणि आपल्याच मालाचा लंगडा पाय आपणच उचलून दाखवायचा. कपाळावर पुन्हा घाम आला. सविता भिंतीशी उभी होती. ती मदतीला आली नाही, आणि त्याबद्दल तो नंतर तिला मनातल्या मनात मानत राहिला.

"दुखतं," तो म्हणाला. "खाली. डावीकडं. लय दिस झाले."

बाईंनी दिवा ओढला आणि ओठ बाजूला केला. हिरडीवर पांढरी जखम, कडेने लाल. "अहो, केवढं झालंय हे. आधी का नाही सांगितलंत? मी दोनदा विचारलं."

"मी दोनदा लपिवलं," सावळीराम म्हणाला.

खेड्यातली माणसं हट्टी असतात हे वाक्य कदाचित बाईंनाही आठवलं असावं, कारण पुढचं सगळं त्या त्याच्याशीच बोलल्या. जखमेवर त्यांनी जांभळ्या रंगाचा एक ठिपका लावला, कवळी बसवून दाबली आणि काढली. जांभळा ठिपका कवळीच्या कडेवर उतरला होता. त्यांनी तो सावळीरामला दाखवला. "ही बघा, ही जागा रुततेय." मग लहानशा फिरत्या यंत्रावर तेवढीच जागा घासली, पुन्हा बसवली, पुन्हा रंग, पुन्हा घासली. पांढऱ्या फडक्यावर गुलाबी भुगा पडला. चिमूटभर. नाकात ओढायची तपकीर याहून जास्त असते. एवढ्याशा भुग्यासाठी आपण अख्खा पावसाळा आणि अर्धी थंडी उपाशी काढली, हे बघताना सावळीरामला स्वतःची जी किळस आली, ती देवरामचीही कधी आली नव्हती.

"जखम भरेपर्यंत मऊ खा," बाई म्हणाल्या. "मग भाकरी. आणि दुखलं तर?"

सावळीराम तोंड मिटून बसला.

"दुखलं तर कवळी घालून या," त्यांनी स्वतःच पुरं केलं.

जखम भरली. त्या दिवशी सविताने मिक्सर वर फळीवर ठेवला. बाजरीची भाकर थापली, वांग्याचं भरीत केलं, ठेचा केला. दिनेशही घरी होता. दोघं जेवत नव्हती, नुसती सावळीरामच्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि कुणी आपल्या तोंडाकडे असं बघावं हे त्याला मुळीच सहन होत नव्हतं. पण भाकर समोर होती. त्याने तुकडा मोडला, लहान मोडला, भरीत लावून दोन्हीकडून चावला. कड रुतली नाही. भाकर दाढांखाली मोडली, दळली गेली, आणि बाजरीची गोडी जिभेवर उतरली. त्याला ती चव आठवत होती त्याहून चांगली लागली. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. डोळे भरून आले ते त्याने ठेच्याच्या नावावर खपवले.

अर्धी भाकर झाली आणि उजवीकडे, वरच्या बाजूला, काहीतरी चुरचुरलं.

तो थांबला. पुन्हा चावून बघितलं. चुरचुरलंच. फार नाही, पण होतं. हे आता सांगायचं म्हणजे पुन्हा दिवा, पुन्हा ती पोरगी, पुन्हा दिनेशचा चेहरा. न सांगायचं म्हणजे उद्या कवळी वाटीत. कुणालाच कळणार नाही. दिनेश खूश दिसत होता. सविताने विचारलंसुद्धा नव्हतं. आज विचारायची गरज आहे असं तिला वाटलं नसावं.

सावळीरामने घास गिळला, बोटं चाटली आणि सगळ्या जगाचा तिटकारा आवाजात आणून म्हणाला, "तुझ्या त्या डाक्टरणीला धड घासताबी येत नाय. उजवीकडं दुखतंय मला."

दिनेशने कपाळाला हात लावला. सविता मात्र उठली आणि हात पुसत फोनपाशी गेली. सावळीरामने उरलेली अर्धी भाकर पुढे ओढली आणि कवळी न काढता, सावकाश, दुखऱ्या बाजूनेही चावत जेवायला लागला.